कासवाच्या पिल्लाची पेटी रोज कोरडी का पडते? : कारणे आणि निवारण

जमिनीवर राहणाऱ्या कासवाच्या पिल्लासाठी घरात तयार केलेली पेटी सकाळी पाणी फवारल्यावर छान ओलसर दिसते आणि आर्द्रतामापकाचा आकडाही समाधानकारक असतो. दुपार होईपर्यंत मात्र तळाची माती भुरभुरीत झालेली असते आणि आकडा तीस-पस्तीस टक्क्यांवर उतरलेला असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. फवारणी वाढवली तर वरच्या थराचा चिखल होतो आणि पिल्लाचे पोटाकडचे कवच सतत ओले राहते, पण हवा कोरडी ती कोरडीच. काही आठवड्यांनी पिल्लू दिवसाचा बराच वेळ एका कोपऱ्यात दडून बसू लागते, त्याचे खाणे मंदावते, डोळे अर्धवट मिटलेले दिसतात. आणि काही महिन्यांनी पाठीच्या कवचावरील प्रत्येक शल्क (कवचाचा एकेक खवल्यासारखा तुकडा) मध्यभागी उंचावून लहान पिरॅमिडसारखे दिसू लागते.

ही लक्षणे दिसली की बहुतेकांचे लक्ष आधी अन्नाकडे जाते. प्रथिने कमी केली जातात, कॅल्शियमची पूड वाढवली जाते, जीवनसत्त्वांचे थेंब आणले जातात. योग्य अन्नाचे महत्त्व मी कमी लेखत नाही, परंतु अन्नात एकही बदल करण्यापूर्वी पेटीची रचना तपासावी असे माझे स्पष्ट मत आहे. सल्काटा या आफ्रिकी कासवाच्या पिल्लांवरील, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या कवचावर उंचवटे अधिक आले, दमट हवेत वाढलेल्यांचे कवच तुलनेने गुळगुळीत राहिले, आणि अन्नातील प्रथिनांचा परिणाम त्या मानाने किरकोळ ठरला. सल्काटा ही वाळवंटाच्या कडेला राहणारी प्रजाती असल्यामुळे हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. रखरखीत प्रदेशातील कासवाचे पिल्लूसुद्धा उघड्या उन्हात दिवस काढत नाही. ते गवताच्या बुंध्याशी, पालापाचोळ्याखाली किंवा बिळात असते, आणि तिथली जमिनीलगतची हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ दमट असते. त्यातच लहान प्राण्याच्या शरीराचे पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने मोठे असल्यामुळे त्याच्या अंगातील पाणी मोठ्या कासवापेक्षा फार लवकर कमी होते.

आकडे खरे आहेत का?

निवारणाची सुरुवात मापकापासून करावी. काटा असलेले गोल, चिकटवण्याचे आर्द्रतामापक पुष्कळदा चुकीचा आकडा दाखवतात, म्हणून डिजिटल मापक वापरावा. तोही एकदा तपासून घ्यावा. त्याची पद्धत सोपी आहे. एका लहान झाकणात चमचाभर साधे मीठ घेऊन त्यावर ते ओले होईल पण विरघळणार नाही इतकेच पाणी घालावे, ते झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवावेत आणि डबा घरातील साधारण तापमानाला रात्रभर तसाच राहू द्यावा. ओल्या मिठावरची बंद हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. मापक ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी दाखवतो, हे लक्षात ठेवून पुढचे सर्व आकडे वाचावेत.

यानंतर मापक कुठे ठेवला आहे ते पाहावे. पेटीच्या भिंतीवर वरच्या बाजूला लावलेला मापक पिल्लाच्या वाट्याला येणारी हवा मोजत नाही. त्याचा संवेदक पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे तळापासून पाच-सहा सेंटिमीटरवर असावा, आणि शक्य असल्यास दोन मापक असावेत : एक थंड बाजूला आणि एक लपण्याच्या जागेत. ऊब देणाऱ्या दिव्याखालील जागेचे तापमान हवेच्या तापमापकाने नीट कळत नाही. तिथे पृष्ठभागाचे तापमान दाखवणारा इन्फ्रारेड तापमापक वापरावा. सकाळी दिवा लागण्यापूर्वी, दुपारी आणि रात्री अशा तीन वेळच्या नोंदी दोन-तीन दिवस लिहून ठेवल्या, तर पुढचा बराचसा तर्क वाचतो.

कोरडेपणा नेमका कुठून येतो

या तक्रारीचे मूळ सापेक्ष आर्द्रतेच्या साध्या गुणधर्मात आहे. हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प तिच्यात मावू शकते, आणि प्रत्यक्षात असलेले बाष्प त्याच्या किती टक्के आहे ते ही आर्द्रता सांगते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेतील बाष्प तेवढेच ठेवून ती हवा ३० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४४ टक्के होते. ३५ अंशांना ती ३३ टक्क्यांच्या आसपास उतरते. पेटीतून पाण्याचा एक थेंबही बाहेर न जाता केवळ तापवल्यामुळे ही घसरण होते. अशी तापलेली हवा आसपासच्या प्रत्येक ओल्या वस्तूतून, म्हणजे तळाच्या मातीतून आणि पिल्लाच्या श्वासातून, झपाट्याने पाणी ओढून घेते. पेटीचे तोंड उघडे असेल तर ती बाष्पासह वर निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतील कोरडी हवा येते. तीही तापते, तीही पाणी ओढून घेते आणि निघून जाते.

उघड्या पेटीत ऊबही टिकत नाही, म्हणून अधिक वॅटचा दिवा लावला जातो; त्यामुळे हवा अधिक जोराने वर जाते, तळ अधिक लवकर सुकतो, म्हणून फवारणी वाढवली जाते. फवारलेले पाणी वरच्या थरात राहते आणि तासा-दोन तासांत उडून जाते. म्हणूनच फवारणी वाढवून हा प्रश्न कितीही दिवस सुटत नाही. वातानुकूलन किंवा खोली तापवणारा हीटर चालू असेल तर खोलीची हवा मुळातच कोरडी असते आणि हे चक्र आणखी वेगाने फिरते. ज्यांची पेटी वर्षाचे काही महिने व्यवस्थित असते आणि विशिष्ट ऋतूतच बिघडते, त्यांनी आधी खोलीच्या हवेचा आकडा घ्यावा.

झाकण

सर्वांत मोठा फरक झाकणाने पडतो, आणि एकच बदल करणे शक्य असेल तर तो हाच करावा. पेटीचा वरचा भाग बंद असावा आणि दिवे झाकणाच्या आत, पेटीच्या छताला टांगलेले असावेत. जाळीच्या झाकणावर बाहेरून दिवा ठेवण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी नुकसानीची आहे, कारण जाळीतून ऊब आणि बाष्प निघून जाते आणि बारीक जाळी यूव्हीबी (पिल्लाला आवश्यक असलेल्या अतिनील) किरणांचा बराच भाग अडवते. सध्याची पेटी उघडी असेल तर नवी घेण्याआधी तिच्यावर पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याचे किंवा जाड प्लास्टिकचे उंच आवरण बसवून पाहता येते. मात्र दिवा आणि प्लास्टिक यांच्यात पुरेसे अंतर हवे, दिव्याचा होल्डर सिरॅमिकचा हवा, दिवा केवळ त्याच्या पकडीच्या चिमट्यावर न टांगता साखळीने किंवा हुकाने बांधलेला हवा. पेटीतील दिवा निसटून कोरड्या भुशावर पडल्यास आग लागू शकते, त्यामुळे या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये.

बंद पेटीत पिल्लाला हवा पुरेल का, ही शंका रास्त आहे. कासवाची हवेची गरज अल्प असते. काही लहान छिद्रे आणि रोज खाणे देण्यासाठी, सफाईसाठी उघडले जाणारे दार एवढ्याने ती भागते. छिद्रांची जागा मात्र पाहावी. एक छिद्र थंड बाजूला तळाजवळ आणि दुसरे दिव्याजवळ छताला असेल, तर तापलेली हवा वरून निसटते आणि खालून कोरडी हवा सतत आत ओढली जाते. झाकण असूनही पेटी सुकत असेल तर पुष्कळदा कारण हेच निघते. वरची छिद्रे बहुतांशी झाकून फरक पाहावा. प्लायवुडची पेटी असल्यास आतून पाण्यावर आधारित वॉर्निशचे थर देऊन सांधे सिलिकॉनने बंद करावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे काही दिवस, पिल्लाला आत ठेवू नये. पीव्हीसीच्या पेटीला ही तयारी लागत नाही आणि ती ओलीने फुगतही नाही.

तळाचा थर

ओलावा हवेत फवारून टिकत नाही. तो तळात साठवून ठेवावा लागतो. दोन-तीन सेंटिमीटरचा थर कितीही भिजवला तरी दिवसभरात सुकणारच. पिल्लाच्या पेटीत किमान आठ ते दहा सेंटिमीटर जाडीचा थर असावा. १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद पेटीत दहा सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे ७२ लिटर माती झाली. एवढ्या मातीत मुरलेले पाणी संथपणे वर येत राहते आणि झाकणाखालची हवा दमट ठेवते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कीटकनाशके किंवा खते न मिसळलेली साधी बागेची माती यांचे मिश्रण चांगले ठरते; त्यावर ऑर्किडसाठी मिळतात तसे झाडाच्या सालीचे मध्यम तुकडे किंवा वाळलेल्या पानांचा थर दिल्यास वरचा भाग फार ओला राहत नाही आणि पिल्लाला दडायला जागा मिळते. नुसते कोकोपीट कोरडे पडले की त्याची बारीक धूळ उडते आणि पिल्लाच्या डोळ्यांना त्रास होतो. नुसती वाळू टाळावी, कारण अन्नाबरोबर ती पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. देवदार आणि पाइन यांच्या सुवासिक भुशातील तेले सरपटणाऱ्या प्राण्यांना अपायकारक असतात. वर्तमानपत्राचा कागद ओलावा धरत नाही आणि पिल्लाचे पाय त्यावरून घसरतात. चाऱ्याच्या गोळ्यांना ओल लागताच बुरशी येते.

पाणी देण्याची पद्धत येथे निर्णायक आहे. वरून फवारण्याऐवजी पेटीच्या चारही कोपऱ्यांत हळूहळू पाणी ओतावे, म्हणजे ते खाली उतरून तळाशी पसरते आणि वरचा थर हाताला जवळपास कोरडा लागतो. पिल्लाचे पोटाकडचे कवच कोरड्या पृष्ठभागावर टेकलेले आणि भोवतालची हवा मात्र दमट, ही स्थिती साधायची आहे. एका वेळी लिटरभर पाणी ओतावे आणि दुसऱ्या दिवशी खालच्या थरातील मूठभर माती दाबून पाहावी. तिचा गोळा टिकला आणि बोटांतून एखाद-दुसरा थेंबच निघाला तर ओलावा योग्य आहे. धार निघाली तर पाणी जास्त झाले. गोळा फुटला तर आणखी हवे. झाकण नीट बसलेले असेल तर पुढे कित्येक दिवस पाणी द्यावे लागत नाही. आठवड्यातून एकदा माती वर-खाली करावी, परंतु विष्ठा रोज उचलावी.

नव्या पेटीत सुरुवातीला सालीवर किंवा लाकडावर पांढरी कापसासारखी बुरशी दिसते. ती सहसा काही आठवड्यांत ओसरते. तोवर दिसेल तेवढी काढून टाकावी. स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड हे बारीक जीव मातीत सोडल्यास ते बुरशी आणि कुजलेले अवशेष खाऊन तळ स्वच्छ ठेवतात आणि पिल्लाला त्यांचा कोणताही उपद्रव होत नाही. कुजका वास येत असेल तर मात्र तळाशी पाणी साचले आहे असे समजावे. अशा वेळी नुसते वर-खाली न करता खालचा थर बदलणेच योग्य.

दिवा

झाकण बसवल्यावर जुना दिवा बहुधा जास्त प्रखर ठरतो, कारण ऊब आता आतच राहते. पहिल्या दिवशी पिल्लाला बाहेर ठेवूनच पेटी पूर्ण दिवस चालवून पाहावी. भूमध्य सागराभोवतीच्या प्रजाती, सल्काटा, बिबट्या कासव किंवा तारा कासव यांच्या पिल्लांसाठी दिव्याखालची जागा पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश असावी. तीच जागा चाळीसच्या वर जात असेल तर दिवा उंच न्यावा किंवा कमी वॅटचा लावावा. प्रकाशाचा झोत अरुंद असलेला स्पॉट दिवा पाठीच्या मधल्या भागालाच भाजतो आणि पिल्लाचे बाकीचे अंग थंड राहते, त्यामुळे ते ऊब मिळवण्यासाठी तासन् तास तिथेच बसते आणि त्याच्या कवचाचा वरचा भाग सुकत राहतो. याउलट पसरट प्रकाशाचा फ्लड दिवा संपूर्ण पिल्लाला एकसारखी ऊब देतो. दिवा मंद-तेज करणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडावा. पेटीच्या तळाखाली तापणारी चटई पिल्लासाठी वापरू नये, कारण निसर्गात ऊब वरून येते आणि पोटाकडून बसणारा चटका कासवाला वेळेवर जाणवत नाही.

पेटीचे एक टोक दिव्याखाली आणि दुसरे टोक तुलनेने थंड, म्हणजे सुमारे २४ ते २६ अंशांचे असेल, तरच पिल्लाला स्वतःचे तापमान स्वतः राखता येते. लहान पेटीत हा फरक राहतच नाही, सगळीकडे एकसारखे तापते, आणि पिल्लू स्वतःला मातीत पुरून घेते. आकाराबाबतचा माझा आग्रह यामुळेच आहे : ९० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीच्या पेटीत दिवा लावून थंड बाजू राखणे जवळजवळ अशक्य आहे, आणि १२० सेंटिमीटर लांबी असेल तर बाकीच्या अर्ध्या अडचणी उद्भवतच नाहीत.

यूव्हीबीसाठी स्वतंत्र ट्यूब लागते. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या या किरणांमुळे त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होण्याची प्रक्रिया सुरू होते, आणि ते नसेल तर अन्नातील कॅल्शियम शरीराला नीट शोषता येत नाही. टी-५ प्रकारची (बारीक व्यासाची) लांब ट्यूब परावर्तकासह बसवावी, ती पेटीच्या साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश लांबीची असावी आणि दिव्याच्या बाजूला असावी, म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकाच ठिकाणी मिळतात. खुल्या प्रदेशातील प्रजातींसाठी शेकण्याच्या जागी पाठीच्या उंचीवर यूव्ही निर्देशांक (या किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ३ च्या आसपास असावा. तो मोजणारा मापक नसेल तर उत्पादकाने सांगितलेले अंतर काटेकोरपणे पाळावे. ट्यूब पांढरा प्रकाश देत राहिली तरी तिचे यूव्हीबी उत्सर्जन घटत जाते, म्हणून सुमारे वर्षभराने ती बदलावी. काचेतून यूव्हीबी जवळपास येत नाही. त्यामुळे खिडकीतले ऊन ट्यूबची जागा घेऊ शकत नाही, उलट काचेच्या पेटीवर पडलेले थेट ऊन थोड्याच वेळात आतले तापमान जीवघेण्या पातळीवर नेऊ शकते. दिवा आणि ट्यूब दोन्ही दिवसातून बारा ते चौदा तास चालू ठेवून नंतर पूर्ण अंधार करावा. लाल किंवा निळे रात्रीचे दिवे लावू नयेत.

लपण्याची जागा, पाणी आणि भिंती

थंड बाजूला आणि उबदार बाजूला प्रत्येकी एक लपण्याची जागा असावी, आणि त्यांतील एकीच्या आतली माती बाकीच्या तळापेक्षा थोडी अधिक ओलसर ठेवावी. पिल्लू झोपेचे सगळे तास तिथे काढते. म्हणून पेटीची सर्वसाधारण आर्द्रता साठ टक्क्यांवर असतानाही या जागेत ती ऐंशीच्या वर राहिली तर मोठे काम होते.

पाण्याची बशी उथळ, मातीच्या पातळीला बसवलेली आणि पिल्लाला सहज चढता-उतरता येईल अशी असावी. खोल भांड्यात उलटे पडलेले पिल्लू बुडते. त्याच कारणासाठी दिव्याखाली उंच दगड किंवा भिंतीलगत चढण्याजोगे ओंडके ठेवू नयेत, कारण दिव्याखाली पाठीवर पडलेल्या पिल्लाला सरळ होता आले नाही तर ते तापून मरू शकते. अन्न सपाट दगडावर द्यावे, म्हणजे त्याबरोबर माती पोटात जात नाही.

पेटी काचेची असेल आणि पिल्लू दिवसभर एकाच भिंतीला घासत फिरत असेल, तर त्याला पारदर्शक भिंत कळत नाही असे समजावे. बाहेरून खालच्या पंधरा सेंटिमीटरला अपारदर्शक कागद लावल्यावर हे फिरणे बहुधा थांबते. दोन पिल्ले एकत्र असतील आणि त्यांतील एकच खात नसेल, तर दिवे आणि आर्द्रता तपासत बसण्यापूर्वी दोघांना वेगळे करावे. कासव एकट्याने राहणारा प्राणी आहे, आणि बलवान पिल्लाचा दबाव उघड भांडणाशिवायही दुसऱ्यावर पडत असतो.

रात्रीचे तापमान आणि प्रजाती

दमट पेटीचे सर्व फायदे ती थंड पडली की तोट्यात बदलतात. सल्काटा, बिबट्या कासव, तारा कासव आणि लाल पायांचे कासव यांच्या पिल्लांच्या दमट पेटीचे तापमान रात्रीही २४ अंशांखाली जाऊ देऊ नये. त्यासाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह लावावा. हरमन, ग्रीक किंवा रशियन कासवाची निरोगी पिल्ले रात्री अठरा अंशांच्या आसपासचा गारवा सहन करतात, मात्र तळ चिंब नसावा. लाल पायांचे कासव जंगलाच्या सावलीतले असल्यामुळे त्याला प्रखर दिव्यापेक्षा २७ ते ३० अंशांची सर्वत्र सारखी ऊब आणि सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता मानवते. इतर बहुतेक प्रजातींच्या पिल्लांसाठी थंड बाजूला साठ ते ऐंशी टक्के हे लक्ष्य ठेवावे. म्हणून प्रजाती निश्चित न करता कोणाचाही आकडा जसाच्या तसा उचलू नये. त्याबरोबरच पिल्लाची कागदपत्रेही पाहावीत : जमिनीवरील कासवांच्या प्रजाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असून तारा कासव २०१९ सालापासून सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि पाळण्यावरील निर्बंध ठिकाणागणिक वेगळे आहेत.

थंड धुके सोडणारे यंत्र अनेक जण याच टप्प्यावर विकत घेतात. कोरड्या तळाच्या, उघड्या पेटीत ते यंत्र केवळ पाण्याची टाकी रिकामी करत राहते, पेटी थंड करते, आणि टाकी रोज धुतली नाही तर त्यात वाढलेले जंतू थेट पिल्लाच्या श्वासात जातात. झाकण आणि तळ नीट असतील तर त्याची गरज राहत नाही.

बदल केल्यानंतर काय पाहावे

झाकण आणि तळाचा थर हे दोन बदल एकत्र करता येतील, पण दिव्याचे बदल त्यानंतर एकेक करून दोन-तीन दिवसांच्या नोंदी घ्याव्यात, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. दुपारचा आकडा सकाळच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली येणे स्वाभाविक आहे. तो निम्म्यावर येत असेल तर हवा अजून कुठूनतरी निसटते आहे. भिंतींवर थोडे बाष्प धरणे ठीक, सतत थेंब ओघळणे म्हणजे पाणी जास्त.

दरम्यान पिल्लाला रोज पंधरा ते वीस मिनिटे कोमट, सुमारे तीस अंशांच्या पाण्यात बसवावे. पाण्याची पातळी पाठीचे आणि पोटाचे कवच जिथे जुळते तिथपर्यंतच असावी. पिल्लू या वेळी पाणी पिते आणि लघवीबरोबर पांढरा युरेट (शरीरातील टाकाऊ क्षार) बाहेर टाकते. युरेट मऊ, मलईसारखा असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे. तो खरखरीत, वाळूसारखा येत असेल तर कोरडेपणा अजून संपलेला नाही, आणि ही स्थिती लांबली तर मुतखडा होण्याचा धोका असतो. आठवड्यातून एकदा, शक्यतो पाण्यात बसवण्यापूर्वी, ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन घ्यावे. संथ पण नियमित वाढ हवी.

कवचावर आधीच आलेले उंचवटे सपाट होत नाहीत. बदलाचा परिणाम पाहायचा तो शल्कांच्या सांध्यांमधील फिकट रंगाच्या नव्या रेषांत. ही नवी वाढ सपाट येऊ लागली की पेटी सुधारली असे समजावे. उंचवटे टणक असतील तर ते कोरड्या वाढीचे लक्षण आहे. कवच दाबल्यावर वाकत असेल, जबडा मऊ लागत असेल किंवा पिल्लू अंग उचलून चालत नसेल, तर प्रश्न यूव्हीबी आणि कॅल्शियमचा आहे आणि ओलावा वाढवून तो सुटणार नाही. अगदी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे कवच किंचित लवचीक असतेच, त्याची धास्ती घेऊ नये.

डोळे मिटलेले राहत असतील तर उडणारी धूळ, पाण्याची कमतरता आणि फार जवळ किंवा समोरून डोळ्यांवर पडणारी यूव्हीबी ट्यूब ही कारणे याच क्रमाने तपासावीत. अ जीवनसत्त्वाचे थेंब किंवा इंजेक्शन स्वतःच्या अंदाजाने देऊ नये. त्याचा अतिरेक झाल्यास कासवाची त्वचा सोलली जाते.

पशुवैद्यांकडे केव्हा जावे

नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून किंवा मान ताणून श्वास घेणे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येणे ही लक्षणे दिसली की पेटीतील प्रयोग थांबवून त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे. कासवाला आपल्यासारखा छाती-पोटामधला स्नायूंचा पडदा नसल्यामुळे त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, आणि फुप्फुसातील संसर्ग वेगाने बळावतो. पोटाकडच्या कवचावर लालसर छटा, मऊ पडलेला भाग किंवा दुर्गंधी असेल तर तोही कवचाचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी तपासणी होईपर्यंत पिल्लाला कोरड्या, स्वच्छ कागदी टॉवेलवर पण उबदार जागी ठेवावे आणि रोजचे पाण्यात बसवणे पशुवैद्य सांगतील तसेच चालू ठेवावे. सलग दोन आठवड्यांच्या वजनात घट दिसली तरी पिल्लू वरवर तरतरीत आहे म्हणून वाट पाहू नये. जाताना तापमान-आर्द्रतेच्या नोंदी, वजनाची वही आणि पेटीची दोन-तीन छायाचित्रे बरोबर न्यावीत. त्यात दिव्याची उंची आणि मापकाची जागा स्पष्ट दिसेल असे एक तरी छायाचित्र असावे.